सातवी बाटली

मॅडम रत्नागिरीहून आल्या तेव्हा
थर्माकोलच्या डब्यात तिसऱ्या होत्या, कालवं होती.
डब्यावर निळ्या पेनाने : ‘जैविक नमुना. उलटा करू नये.’
लाखांदूरच्या स्टँडवर कंडक्टरने तो उलटाच उतरवला.

मी देवाजी मारबते, प्रयोगशाळा परिचर.
समुद्र मी फक्त नकाशात पुसलाय, ओल्या फडक्याने,
दर सोमवारी.

मांस वाटायचं. क्लोरोफॉर्म दोन भाग, मिथेनॉल एक.
हलवायचं आणि थांबायचं.
पाणी वर राहतं, चरबी खाली.
मी म्हटलं, आमच्याकडे तेल वर तरंगते.
मॅडम म्हणाल्या, क्लोरोफॉर्म जड असतो देवाजी,
तो तिला सोबत घेऊन बुडतो.

शंभर ग्रॅममागे दीड ग्रॅम.
बाटलीच्या बुडाशी पिवळट डाग,
लग्नाच्या पत्रिकेला लावतात तेवढा.
त्यासाठी हजार किलोमीटर.

फळ्यावर त्या साखळी काढत.
बावीस कार्बन, सहा जागी दुहेरी बंध,
बंध आला की साखळी वाकते,
वाकलेल्या साखळ्या एकमेकींना खेटून बसत नाहीत
म्हणून थंड पाण्यात थिजत नाहीत.
सरळ असतात त्या रांगेत उभ्या राहतात, डालड्यासारख्या.
मी फळा पुसताना सहा वाकणं आधी पुसली नाहीत.
पौषात, धुकं असताना,
आई तलावात कमरेएवढी उभी राहून
पायाच्या बोटांनी शिंपले चाचपते.

एप्रिलच्या सोळाला लाईन गेली, दोन दिवस आली नाही.
ढिवर सोसायटीतून बर्फ आणला, पोत्यात, सायकलवर.
सहा नमुने वाचले.
सातवा खवट झाला होता.
हवा पहिल्यांदा वाकलेल्या जागीच शिरते,
हेही मॅडमनीच शिकवलेलं.

मग मी सातव्या बाटलीत
आमच्या तलावाचा शिंपला घातला.
तक्त्यात जागा रिकामी राहू नये म्हणून, असं म्हणता येईल.
मी तसं म्हणत नाही.

बाटल्या एसटीने नागपूरला गेल्या.
नऊ दिवसांनी कागद आले, नुसत्या टेकड्या आणि सुळके.
मॅडमनी सातवा कागद खिडकीशी धरला.
अडतिसाव्या मिनिटाला इथे सुळका हवा होता,
इथे तर धानाची बांधी.
आणि ही विसाची, चार बंधांची, एवढी उंच कशी?
देवाजी, हे जनावर समुद्रात कधी राहिलेलंच नाही.
शिंपला गाळून जे शेवाळ खातो
तेच बहुतेक अंगात साठवतो.

मी सांगून टाकलं.
त्या बराच वेळ बोलल्या नाहीत.
मग म्हणाल्या, याला चोरी म्हणतात,
आणि सातवी ओळ लाल पेनाने खोडली.
दाराशी गेल्या, परत आल्या,
कोरा कागद घेतला.
स्थळ : मालगुजारी तलाव. पाणी : गोडं.
गोळा करणारी?
फुलवंता, मी म्हटलं.
आडनाव विचारलं तेव्हा एक क्षण घसा धरला.

संध्याकाळी आई टरफलाने कैरी सोलत बसली होती.
तुझ्या शिंपल्यात समुद्रावाली चरबी नाई, मी म्हटलं,
थोडी जवसाच्या जातीची आहे.
‘मंग जवस तं आपल्या कोठीत हाय,’ ती म्हणाली,
‘तेवढ्यासाठी नागपूर कायले?’
साल लांब निघत होती, तुटत नव्हती.
‘अन् बाईले सांग, जेठात घेऊन जा म्हणा, तवा भरला रायते.
अंडी टाकली का मंग नुसता चामडा.’

हे मॅडमच्या तिसऱ्या प्रकरणात आहे,
आलेखासकट, बावीस पानं.

मॅडमची बदली झाली. डबा इथेच राहिला.
आता त्यात बदकाची अंडी ठेवतो आम्ही, भुशात.
निळी अक्षरं फिकटलीत,
तरी ‘उलटा करू नये’ एवढं वाचता येतं.